एका संगणकाला अनेक पडदे : ग्राफिक्स कार्डाच्या निवडीचा मागोवा

एकाच संगणकाला दोन, चार किंवा सहा मॉनिटर जोडायचे असले की कार्ड जितके महाग तितके ते जास्त मॉनिटर चालवील, असा खरेदीदाराचा सर्वसाधारण समज असतो. परंतु वैयक्तिक संगणकाच्या चार दशकांच्या इतिहासात या समजाला फारसा आधार सापडत नाही. चित्र तयार करण्याचा वेग आणि तयार चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचवण्याची सोय ही ग्राफिक्स कार्डाची दोन निरनिराळी कामे आहेत. त्यांपैकी पहिल्याची वाढ संगणकीय खेळांच्या मागणीमुळे झपाट्याने झाली, तर दुसरे काम प्रत्येक पिढीत कोठे ना कोठे अडून राहिले : कधी मेमरीच्या पत्त्यांवर, कधी सिग्नल घडवणाऱ्या चिपवर, कधी ऑपरेटिंग सिस्टीमच्या मर्यादेवर आणि अलीकडच्या काळात कार्डावरील घड्याळांवर. शेअर दलाल, वास्तुविशारद, पुस्तकांची मांडणी करणारे आणि प्रोग्रामर या मंडळींनी बहुपडदा संगणकासाठी कार्डे निवडताना ज्या युक्त्या लढवल्या, त्यांचा अर्थ या अडथळ्यांकडे पाहिल्यावाचून लागत नाही.

या इतिहासाचा आरंभ १९९० च्या दशकात झाला असे बहुधा मानले जाते, पण तो खरे तर ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरपासूनच होतो. त्या यंत्राच्या मुख्य बोर्डावर चित्र दाखवण्याची सोयच नव्हती आणि ग्राहकाला दोहोंपैकी एक कार्ड वेगळे घ्यावे लागे. मोनोक्रोम डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर या कार्डावर ४ किलोबाइट मेमरी होती व ते ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे निव्वळ मजकूर, हिरव्या पडद्यावर दाखवीत असे. कलर ग्राफिक्स अ‍ॅडॉप्टरवर १६ किलोबाइट मेमरी होती आणि त्यावर ३२० × २०० बिंदूंचे, चार रंगांचे चित्र काढता येई. पहिल्या कार्डात प्रत्येक अक्षराला ९ × १४ बिंदूंची चौकट मिळत असल्याने अक्षरे रेखीव उमटत, दुसऱ्यात ती ८ × ८ च्या चौकटीत कोंबावी लागत आणि दिवसभर हिशेब तपासणाऱ्याचे डोळे दुखत. कचेऱ्यांनी पहिले कार्ड पसंत केले यात नवल नाही. शिवाय प्रिंटर जोडण्याचे पोर्टही त्याच कार्डावर होते.

ही दोन्ही कार्डे एकाच संगणकात एकाच वेळी बसू शकत, आणि त्याचे कारण पत्त्यांच्या वाटणीत होते. पडद्यावर जे दिसायचे ते कार्डावरच्या मेमरीत लिहिले जाते आणि त्या मेमरीला संगणकाच्या एकूण पत्त्यांमध्ये एक ठरावीक जागा नेमून दिलेली असते. मोनोक्रोम कार्डाची जागा बी०००० या षोडशमान पत्त्यापासून सुरू होई आणि कलर कार्डाची बी८००० पासून, त्यामुळे एकाचे लिखाण दुसऱ्यावर कधीच सांडत नसे. डॉस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ‘मोड मोनो’ अशी आज्ञा टंकित केली की कर्सर हिरव्या पडद्यावर जाई आणि ‘मोड सीओ८०’ म्हटले की तो रंगीत पडद्यावर परते. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये आकड्यांचा तक्ता हिरव्या पडद्यावर ठेवून त्याचा आलेख शेजारच्या रंगीत पडद्यावर पाहता येई. ऑटोकॅड वापरणारे आज्ञांचा मजकूर एका मॉनिटरवर आणि आराखडा दुसऱ्यावर ठेवू लागले. प्रोग्रामरांना या जोडीचा सर्वांत मोठा लाभ झाला, कारण चाचणीखालील प्रोग्रामने रंगीत पडदा व्यापलेला असतानाही चुका शोधणारा प्रोग्राम हिरव्या पडद्यावर आपली माहिती दाखवत राही. त्यामुळे जुने मोनोक्रोम कार्ड नव्या संगणकात मुद्दाम बसवून घेण्याची प्रथा सॉफ्टवेअरच्या धंद्यात पुढे बरीच वर्षे टिकली.

या जोडीतली पहिली मेख १९८२ च्या हर्क्युलिस ग्राफिक्स कार्डाने दाखवून दिली. हे कार्ड तयार करणारे व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला प्रबंध थाई लिपीत संगणकावर लिहायचा होता आणि आयबीएमच्या मोनोक्रोम कार्डावर ठरलेल्या अक्षरांपलीकडे काहीच उमटत नसल्यामुळे त्यांनी स्वतःचे कार्ड रचले.   हर्क्युलिस कार्ड त्याच हिरव्या मॉनिटरवर ७२० × ३४८ बिंदूंचे चित्र काढी आणि त्यासाठी त्यावर ६४ किलोबाइट मेमरी होती. या मेमरीचे दोन भाग, म्हणजे चित्राची दोन पाने, होती आणि दुसरे पान नेमके बी८००० या पत्त्यावर, कलर कार्डाच्या जागेत, जाऊन बसे. म्हणून कार्डाला ‘हाफ’ आणि ‘फुल’ अशा दोन अवस्था दिलेल्या होत्या : शेजारी कलर कार्ड असेल तर हर्क्युलिस ‘हाफ’वर ठेवावे लागे, नाहीतर दोघांची जागेवरून टक्कर होई. दोन कार्डे घेणाऱ्याने एकाची क्षमता अर्ध्यावर आणायची, हा सौदा त्या काळच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत असे.

एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए ही नवी पद्धत आणली आणि ती थोड्याच काळात सर्वमान्य झाली, पण बहुपडदा संगणकाच्या दृष्टीने तिने वाट जवळजवळ बंद केली. व्हीजीए कार्डाचे पत्ते पक्के ठरलेले असल्यामुळे दोन व्हीजीए कार्डे एका संगणकात घालणे म्हणजे एकाच गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे बांधून पोस्टमनने काय करावे हे त्याच्यावरच सोपवण्यासारखे होते. जुने हिरवे कार्ड शेजारी बसू शके, दुसरे रंगीत कार्ड मात्र नाही. त्यानंतर बरीच वर्षे सर्वसाधारण पीसीवर दोन रंगीत पडदे हवे असणाऱ्याला खास बनावटीच्या कार्डांकडे आणि त्यांच्या तितक्याच खास सॉफ्टवेअरकडे वळावे लागले.

याच वर्षी, मार्च १९८७ मध्ये, अ‍ॅपलने मॅकिंटॉश २ हे यंत्र आणले आणि तेथे हा प्रश्न मुळापासूनच वेगळ्या रीतीने सोडवलेला होता. त्यातील नूबस पद्धतीच्या सहा स्लॉटांपैकी प्रत्येकाला पत्त्यांचा स्वतःचा पट्टा दिलेला होता, त्यामुळे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसेल तेथला पत्ता त्याचा; आणि कार्डावरच्या कायम स्मृतीत ते कोणते कार्ड आहे याची माहिती कोरलेली असल्याने संगणक सुरू होताना स्वतःच चौकशी करून घेत असे. यंत्ररचनेपेक्षाही महत्त्वाचे काम सॉफ्टवेअरने केले होते. मॉनिटर्स नावाच्या नियंत्रण-पटात जोडलेल्या पडद्यांची छोटी चित्रे दिसत आणि ती माउसने सरकवून टेबलावरच्या मांडणीप्रमाणे शेजारी किंवा वरखाली लावता येत. मेनूची पट्टी ज्या पडद्यावर हवी तेथे ओढून नेता येई. एखादी खिडकी दोन पडद्यांच्या सीमेवर अर्धी अर्धी ठेवली, आणि त्यांतला एक पडदा २५६ रंगांचा व दुसरा केवळ काळा-पांढरा असला, तरी रेखाटनाची व्यवस्था प्रत्येक भाग त्या त्या पडद्याच्या ऐपतीप्रमाणे रंगवीत असे. आज विंडोजमध्ये पडद्यांची जी मांडणी माउसने केली जाते, ती मूळची येथली आहे.

मुद्रणाच्या पूर्वतयारीच्या व्यवसायात या सोयीने कार्ड निवडण्याची एक नवी रीत रुजवली. पानाच्या मांडणीसाठी चांगल्या रंगांचे महाग कार्ड आणि मोठा मॉनिटर घ्यायचा, तर साधनपट्ट्या व फाइलींच्या याद्या ठेवायला स्वस्त कार्ड व लहान काळा-पांढरा मॉनिटर पुरे, असा हिशेब मांडला जाऊ लागला. प्रत्येक पडद्याला सारखीच किंमत मोजण्याची गरज नाही हे त्या काळच्या मांडणीकारांना कळले होते, आणि पुढच्या काळातल्या अनेक खरेदीदारांपेक्षा त्यांचा हा व्यवहार अधिक शहाणपणाचा होता. युनिक्सवर चालणाऱ्या महागड्या कार्यस्थानकांवर, म्हणजे तांत्रिक कामासाठी बनवलेल्या शक्तिमान संगणकांवर, एक्स विंडो ही पद्धत एकापेक्षा अधिक पडदे चालवीत होती खरी, परंतु तेथे प्रत्येक पडदा स्वतंत्र बेट असे. माउसचा बाण एकावरून दुसऱ्यावर जाई, खिडकी मात्र नेता येत नसे. ती भिंत १९९८ च्या सुमारास झिनेरामा या विस्ताराने पाडली.

वित्तव्यवहारांच्या जगात अनेक पडद्यांची गरज संगणकाच्या सोयीतून आलेली नव्हती, ती आधीपासूनच होती. भावांची सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीचा स्वतःचा टर्मिनल आणि स्वतःचा कीबोर्ड असल्यामुळे डीलरचे टेबल पडद्यांनी भरलेले असे. प्रश्न होता तो हे सारे एका संगणकावर आणि एका कीबोर्डखाली आणण्याचा. मुंबईत हा बदल फार थोड्या अवधीत घडला. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार उपग्रहाने जोडलेल्या टर्मिनलांवर सुरू केले, मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराची बोल्ट ही संगणकीय प्रणाली आली, आणि दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणात आरोळ्या व हातांच्या खुणांनी होणारे सौदे पडद्यावर गेले. रिंगणात उभ्या असलेल्या माणसाला मान वळवली की सगळा बाजार दिसत असे. टर्मिनलसमोर बसलेल्याला मात्र पडद्यावर मावेल तेवढाच दिसू लागला. दोन शेअर बाजारांचे भाव, आपल्या ग्राहकांचे सौदे आणि एखादा आलेख एकाच १५ इंची पडद्यावर आलटून पालटून पाहणे हा दलालाच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार होता, आणि बहुपडदा कार्डांचा पक्का ग्राहकवर्ग जगभर याच धंद्यातून तयार झाला.

या ग्राहकवर्गाला पुरे पडेल असे यंत्र पीसीच्या बाजूने शक्य झाले ते पीसीआय या जोडणीपद्धतीमुळे. १९९२ मध्ये मांडल्या गेलेल्या या पद्धतीत कार्डाचा पत्ता कारखान्यात ठरत नसून संगणक सुरू होताना वाटून दिला जातो, म्हणून एकाच बोर्डावर तीनचार ग्राफिक्स कार्डे नांदू शकतात. केवळ त्यांतले एकच कार्ड जुन्या व्हीजीए पत्त्यांचे मालक होते आणि बाकीच्यांना त्या पत्त्यांवरचा हक्क सोडावा लागतो. पण यंत्र तयार झाले तरी ऑपरेटिंग सिस्टीम तयार नव्हती. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० ला एकापेक्षा अधिक पडदे असू शकतात हेच ठाऊक नव्हते. त्यामुळे अ‍ॅपियन, मेट्रॉक्स यांसारख्या कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्राममध्ये, एक लबाडी केली : १०२४ × ७६८ बिंदूंचे दोन पडदे असले तर विंडोजला २०४८ × ७६८ बिंदूंचा एकच रुंद पडदा असल्याचे सांगायचे.

या लबाडीचे परिणाम रोजच्या कामात चांगलेच जाणवत. विंडोज कोणतीही सूचनापेटी पडद्याच्या मध्यभागी दाखवते, आणि दोन मॉनिटरांच्या या खोट्या पडद्याचा मध्य म्हणजे दोन काचांमधली प्लॅस्टिकची चौकट. परिणामी ‘ओके’चे बटण एका मॉनिटरवर आणि ‘कॅन्सल’ दुसऱ्यावर अशी पेटी दुभंगून उमटे. खिडकी मोठी करण्याचे बटण दाबले की ती दोन्ही पडदे व्यापून बसे आणि कामांची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरे. मग पेट्या एका पडद्यावर ओढून आणणे आणि खिडकी एकाच मॉनिटरपुरती मोठी करणे यांसाठी वेगळे सॉफ्टवेअर लिहावे लागले, आणि त्या वर्षांत दोन कार्डांतली खरी निवड या सॉफ्टवेअरवरच होत असे. अ‍ॅपियनचे हायड्राव्हिजन या बाबतीत इतके नावाजले गेले की २००१ मध्ये एटीआय या ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या कंपनीने ते आपल्याकडे घेतले.

जून १९९८ मध्ये आलेल्या विंडोज ९८ ने ही गरज बऱ्याच अंशी संपवली. त्यात जास्तीत जास्त नऊ मॉनिटर चालवण्याची तरतूद होती, प्रत्येक मॉनिटर वेगळा ओळखला जाई आणि त्याचे बिंदू व रंग निराळे ठेवता येत. तरीही सर्वच कार्डे दुय्यम म्हणून चालत नसत, कारण काही चिपांना जुन्या व्हीजीए पत्त्यांवाचून जागच होता येत नव्हते. म्हणून कार्ड विकत घेण्याआधी ते पहिले म्हणून चालते की दुसरे म्हणूनही, हे विचारून घेणे भाग होते. त्यातच १९९७ पासून रूढ झालेल्या एजीपी या वेगवान जोडणीचा स्लॉट बोर्डावर एकच असे, त्यामुळे मुख्य कार्ड एजीपीचे आणि दुसरे मागच्या पिढीचे पीसीआयचे अशी विजोड जोडी लावावी लागत होती.

या विजोड जोडीवरचा उतारा कॅनडातून आला. क्विबेक प्रांतातील डॉर्व्हाल येथे १९७६ साली स्थापन झालेल्या मेट्रॉक्स या कंपनीने १९९९ मध्ये जी४०० हे कार्ड आणले आणि त्याच्या ड्युअलहेड या सोयीमुळे एकाच कार्डातून दोन मॉनिटरांना दोन निरनिराळी चित्रे जाऊ लागली. त्रिमितीय खेळांच्या वेगात हे कार्ड प्रतिस्पर्ध्यांपुढे फार काळ टिकले नाही. बहुपडदा संगणकाच्या इतिहासातले त्याचे स्थान मात्र पहिल्या ओळीचे आहे. त्याची मर्यादाही तितकीच बोधप्रद आहे. काचनळीच्या मॉनिटरला विद्युत्‌दाबाच्या चढउतारांच्या रूपात चित्र लागते आणि मेमरीतल्या आकड्यांचे असे रूपांतर करणाऱ्या चिपला रॅमडॅक म्हणतात. जी४०० चा पहिला रॅमडॅक ३०० मेगाहर्ट्‌झचा होता, म्हणजे सेकंदाला ३० कोटी बिंदू पाठवू शकणारा; दुसऱ्या पोर्टामागे मात्र एक वेगळी, मंद चिप होती आणि तिच्यामुळे दुसरा मॉनिटर १२८० × १०२४ बिंदूंच्या पुढे जाऊ शकत नव्हता. बाहेरून दोन्ही पोर्ट अगदी सारखे दिसत. पुढच्या वर्षीच्या जी४५० मध्ये दोन्ही रॅमडॅक मुख्य चिपच्या पोटात गेले व दुसऱ्या पडद्याची मर्यादा १६०० × १२०० पर्यंत वाढली. त्याच सुमारास एन्व्हिडियाने जीफोर्स २ एमएक्स या स्वस्त कार्डात ट्विनव्ह्यू नावाने हीच सोय दिली आणि दोन पडदे ही सर्वसाधारण ग्राहकाच्या आवाक्यातली गोष्ट झाली.

या टप्प्यापर्यंत कार्डावर मेमरी किती, हा प्रश्नही खरोखरच महत्त्वाचा होता. १६०० × १२०० बिंदूंचे एक चित्र प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरून सुमारे ७.७ मेगाबाइट जागा घेते, तेव्हा ८ मेगाबाइटच्या कार्डावर असे दोन पडदे अशक्यच होते. आज ३८४० × २१६० बिंदूंच्या पडद्याला याच हिशेबाने सुमारे ३३ मेगाबाइट लागतात आणि अगदी साध्या कार्डावरही त्याच्या कितीतरी पट मेमरी असते. तरीही ‘जास्त मॉनिटर म्हणजे जास्त मेमरी’ हा जुना हिशेब दुकानांत अजून ऐकू येतो.

काचनळीचे अवजड मॉनिटर जाऊन सपाट पडदे आले तेव्हा टेबलावरची जागा मोकळी झाली आणि मॉनिटरांची संख्या वाढली. १९९९ च्या डीव्हीआय या जोडणीने रॅमडॅकची गरज संपवली, कारण चित्र आता आकड्यांच्या रूपातच मॉनिटरकडे जाऊ लागले. पण नव्या जोडणीने नवी हद्दही आणली : तिची एकेरी वाहिनी १६५ मेगाहर्ट्‌झपर्यंत, म्हणजे जेमतेम १९२० × १२०० बिंदूंपर्यंत पुरत असे, आणि २००४ मध्ये अ‍ॅपलने २५६० × १६०० बिंदूंचा ३० इंची मॉनिटर आणला तेव्हा त्यासाठी दुहेरी वाहिनीचे खास कार्ड त्याच्याबरोबर विकावे लागले. व्यावसायिक कार्डांपुढे तर जागेचाच प्रश्न होता, कारण लहान डब्यांत बसणाऱ्या अर्ध्या उंचीच्या कार्डाच्या पट्टीवर चार डीव्हीआय पोर्ट मावत नाहीत. त्यावर ५९ पिनांचे डीएमएस-५९ नावाचे दाट पोर्ट योजण्यात आले, ज्यातून एका टोकाची दोन टोके होणारी केबल निघते. एन्व्हिडियाच्या क्वाड्रो एनव्हीएस ४४० या कार्डावर अशी दोन पोर्टे असून त्यांतून चार मॉनिटर चालत. ही कार्डे खेळांच्या कामाची नव्हती आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. बँका व दलालांच्या कचेऱ्यांत ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली. संगणक बदलताना केबल हरवली की कार्ड मात्र निरुपयोगी होई.

जानेवारी २००७ मध्ये ग्राहकांसाठी खुल्या झालेल्या विंडोज व्हिस्टाने मध्येच एक पाऊल मागे घेतले. तिच्या नव्या ड्रायव्हर-रचनेत सर्व पडदे एकाच ड्रायव्हरच्या ताब्यात असणे आवश्यक होते, त्यामुळे एटीआयचे एक आणि एन्व्हिडियाचे एक अशी विंडोज एक्सपी या आधीच्या आवृत्तीवर सुरळीत चालणारी जोडी व्हिस्टावर चालेनाशी झाली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ही मुभा परत मिळाली. दरम्यानच्या दोन-अडीच वर्षांत अनेक पडदे बाळगणाऱ्यांनी एक्सपी सोडली नाही, तर तो त्यांचा हट्ट म्हणता येत नाही.

यानंतरचा सर्वांत मोठा पालट सप्टेंबर २००९ मध्ये एएमडीच्या रेडिऑन एचडी ५८७० या कार्डाने घडवला. तोपर्यंत बहुतेक चिपांमधून दोनच चित्रे निघत. या चिपमध्ये सहा स्वतंत्र चित्रमार्ग होते आणि कंपनीने त्याला आयफिनिटी असे नाव दिले होते. कार्डाच्या पट्टीवर दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय व एक डिस्प्लेपोर्ट अशी चार पोर्टे होती, पण त्यांवर एकाच वेळी चालत तीन मॉनिटर, आणि त्यांतही तिसरा डिस्प्लेपोर्टवर असेल तरच. याचे कारण घड्याळात होते. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांत प्रत्येक मॉनिटरला त्याच्या बिंदूंच्या गतीशी जुळणारे स्वतःचे स्पंदन लागते, म्हणजे प्रत्येकासाठी चिपमध्ये एक स्वतंत्र घड्याळ-मंडल लागते, आणि अशी मंडले कार्डावर दोनच होती. २००६ मध्ये व्हेसा या उद्योगसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या डिस्प्लेपोर्टची पद्धत निराळी आहे. तेथे चित्राचे तुकडे करून ते ठरावीक गतीच्या वाहिनीवरून पाठवले जातात, त्यामुळे कितीही मॉनिटर एकाच संदर्भ-घड्याळावर चालू शकतात.

तिसरा मॉनिटर जुन्या पद्धतीचा असेल तर डिस्प्लेपोर्टवर अ‍ॅडॉप्टर लावावा लागे, आणि येथे असंख्य खरेदीदार फसले. स्वस्त अ‍ॅडॉप्टर सिग्नलचे रूपांतर करीतच नाही. तो कार्डालाच डीव्हीआयचा सिग्नल काढायला सांगतो आणि फक्त त्याचा विद्युत्‌दाब बदलतो, म्हणून त्यालाही तिसरे घड्याळ लागतेच. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून विकला जाणारा महाग अ‍ॅडॉप्टर मात्र डिस्प्लेपोर्टचा सिग्नल स्वतः उलगडून नवा तयार करतो. पहिला लावला की तिसरा मॉनिटर जोडलेला म्हणून यादीत दिसे, पण तो चालू करायला गेले की आधीच्या दोहोंपैकी एक बंद करा असे सांगणारी सूचना येई. कार्ड, मॉनिटर आणि केबल यांपैकी काहीही बिघडलेले नसताना तिन्ही वस्तू दुकानात परत जात. मार्च २०१० मध्ये एएमडीने याच कार्डाची सहा मिनी डिस्प्लेपोर्टांची आवृत्ती काढली आणि एका चिपवर सहा मॉनिटर ही गोष्ट प्रत्यक्षात आली.

एका चिपवर दोहोंहून अधिक मॉनिटर चालवायला एन्व्हिडियाला मार्च २०१२ उजाडला. तिच्या आधीच्या जीटीएक्स ४८० सारख्या बड्या कार्डांवर तीन पोर्टे असूनही मॉनिटर दोनच चालत आणि तिसऱ्यासाठी दुसरे कार्ड घ्यावे लागे. जीटीएक्स ६८० मध्ये ही संख्या चारवर गेली. दरम्यान जानेवारी २०१० च्या डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये एकाच केबलवर अनेक मॉनिटर साखळीने जोडण्याची सोय झाली होती. त्या केबलची चित्रासाठीची क्षमता सेकंदाला १७.२८ गिगाबिट आहे आणि १९२० × १०८० बिंदूंच्या, सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्याला सुमारे ३.६ गिगाबिट लागतात, तेव्हा चार पडदे त्यात बसतात, पाचवा बसत नाही. २०१५ च्या एनव्हीएस ८१० या कार्डावर दोन चिपा बसवून आठ मिनी डिस्प्लेपोर्ट देण्यात आली. विमानतळांवरचे फलक आणि नियंत्रणकक्षांच्या भिंती हे त्याचे ग्राहक होते.

गेल्या दशकात वेग आणि पडद्यांची संख्या यांची फारकत आकड्यांतही स्पष्ट दिसते. २०२२ चे जीफोर्स आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅट वीज खाणारे कार्ड एकाच वेळी चार मॉनिटर चालवते. २०२१ चे टी१००० हे ५० वॅटचे, अर्ध्या उंचीचे, वेगळी वीजजोडणी न लागणारे कार्डही चारच चालवते. काही उत्पादकांनी मोठ्या कार्डांवर पाच-पाच पोर्टे दिली, तरी एका वेळी चारांहून अधिक पडदे उजळत नाहीत, आणि अतिशय रुंद व वेगवान पडद्याला काही चिपांत दोन मार्ग खर्ची पडतात. एकाच वेळी सहा स्लॉटांत सहा कार्डे घेणारे यंत्र १९८७ मध्ये काढणाऱ्या अ‍ॅपलने २०२० मध्ये एम१ चिपचा जो मॅकबुक एअर आणला, त्याला बाहेरचा मॉनिटर अधिकृतपणे एकच जोडता येत असे, हा या इतिहासातला एक उपहासच म्हणावा लागेल. यूएसबीवरून चित्र पाठवणारी डिस्प्लेलिंक पद्धत अशा वेळी कामी येते, परंतु तेथे चित्र दाबून पाठवण्याचे काम मुख्य प्रोसेसरवर पडते.

घड्याळाचा प्रश्नही पूर्ण मिटलेला नाही, त्याने फक्त जागा बदलली आहे. काम नसताना कार्ड आपल्या मेमरीची गती उतरवते, आणि हा बदल पडद्यावर झटका न दिसता करायचा तर एक चित्र संपून दुसरे सुरू होण्यामधल्या क्षणभराच्या विरामातच करावा लागतो. एक मॉनिटर सेकंदाला ६० वेळा आणि दुसरा १४४ वेळा ताजा होत असेल तर दोघांचे विराम जुळत नाहीत, मेमरी चढ्या गतीवरच राहते, आणि नुसते पत्र टंकित करतानाही कार्ड तापते व पंखा फिरत राहतो. त्यामुळे हिशेब, संपादन, आराखडे किंवा शेअरव्यवहार यांसाठी अनेक पडदे मांडणाऱ्याने एकाच गतीचे मॉनिटर, अ‍ॅडॉप्टरविना जोडता येतील तितकी डिस्प्लेपोर्ट आणि माहितीपत्रकात ‘एका वेळी कमाल मॉनिटर’ या ओळीत लिहिलेला आकडा पाहून लहान व्यावसायिक कार्ड घेणे, ही आजही सर्वांत कमी खर्चाची आणि कमी कटकटीची निवड आहे. मोठ्या कार्डावर पैसे घालावेत ते त्रिमितीय चित्रण, चलच्चित्र-संपादन किंवा तत्सम काम खरोखर असेल तरच.

दोन पडद्यांचे पहिले यशस्वी कार्ड काढणाऱ्या मेट्रॉक्सने २०१४ मध्ये आपल्या पुढच्या कार्डांसाठी एएमडीच्या चिपा घेण्याचे जाहीर केले आणि स्वतःची चिप बनवण्याचा मार्ग सोडला. त्यानंतर तिने एन्व्हिडियाच्या चिपांवर चार एचडीएमआय पोर्टांचे कार्ड काढले आणि २०२३ मध्ये इंटेलच्या आर्क चिपांवर ल्युमा ही मालिका आणली. ल्युमाच्या कार्डांवर चार पोर्टे आहेत आणि ती चारही एकाच वेळी चालतात.